पिल्लाचे पहिले धडे : दाट वस्तीत आज्ञा आणि दोरी कशी शिकवावी?

बंगळूर शहरातील चामराजपेट ही शंभर वर्षांहून जुनी वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांच्या नावाने सन १८९२ मध्ये जुन्या पेठेच्या आणि किल्ल्याच्या लगत ती आखण्यात आली. क्रमांकांनी ओळखले जाणारे सरळ रस्ते, त्यांना छेदणारे 'क्रॉस', एकमेकांना टेकून उभी असलेली घरे, जवळच कृष्णराजेंद्र मार्केटची गर्दी आणि दिवसभर चालणारी दुचाकी व रिक्षांची वर्दळ, असे तिचे आजचे रूप आहे. अशा वस्तीत दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू घरात आले, की त्या कुटुंबापुढे एक प्रश्न लगेचच उभा राहतो. या पिल्लाला रस्त्यावर न्यायचे केव्हा, आणि तोवर त्याला काय शिकवायचे?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मालकाने हाक मारल्यावर परत न येणारा, दोरी ताणत वाहनांसमोर धावणारा किंवा अनोळखी माणसाला पाहून बिथरणारा कुत्रा स्वतःच्या जिवाला आणि इतरांनाही धोका ठरतो. असे कुत्रे पुढे गच्चीवर बांधून ठेवले जातात, दुसऱ्याला देऊन टाकले जातात किंवा सरळ रस्त्यावर सोडले जातात. पाळीव प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने सन २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात तर असे म्हटले होते, की तीन वर्षांखालील कुत्र्यांच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्गजन्य रोग हे नसून वर्तनाच्या समस्या हे आहे. या समस्यांपैकी बऱ्याचशा पहिल्या काही आठवड्यांतच टाळता येण्यासारख्या असतात.

जात की सवय?

कुत्र्याच्या स्वभावाची चर्चा आपल्याकडे बहुधा जातीपासून सुरू होते. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी परिपत्रक काढून पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. त्याला बंगळूर येथे कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि १० एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता हा निर्णय घेण्यात आला, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप होता. योग्य प्रक्रिया पाळून नव्याने निर्णय घेण्याची मुभा मात्र सरकारला ठेवण्यात आली.

कायद्याचा वाद पुढे कोणतेही वळण घेवो, घरातील पिल्लाच्या बाबतीत एक गोष्ट उरतेच. कुत्र्याची ताकद, वेग आणि काही उपजत प्रवृत्ती जातीनुसार ठरतात. परंतु माणसांच्या गर्दीत तो कसा वागेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या लहानपणीच्या अनुभवांवर आणि मालकाने लावलेल्या सवयींवर अवलंबून असते. यातील दुसरा भाग मालकाच्या हातात असतो.

बंद होत जाणारी खिडकी

अमेरिकेतील मेन राज्यातील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ सन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा आठवड्यांचे होईपर्यंतचा काळ त्याच्या सामाजिक जडणघडणीसाठी सर्वांत महत्त्वाचा असतो, हा त्यांच्या निष्कर्षांचा गाभा होता. या काळात जे दिसते, ऐकू येते, ज्याचा स्पर्श होतो, ते पिल्लू आपल्या जगाचा भाग म्हणून स्वीकारते. या काळात जे भेटले नाही, त्याची पुढे भीती वाटण्याचा संभव वाढतो आणि भ्यालेला कुत्राच बहुधा चावतो.

अडचण अशी, की हाच काळ लसीकरणाचाही असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर या घातक रोगांवरील लसींची मालिका सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा देत किमान सोळा आठवड्यांपर्यंत चालते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. पार्व्होचा विषाणू रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकून राहतो. भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या गल्लीत लसीकरण अपुरे असलेले पिल्लू जमिनीवर सोडणे म्हणूनच धोक्याचे ठरते. त्याला घरात कोंडून ठेवावे, तर शिकण्याचे दिवस हातचे निघून जातात.

यावरचा मार्ग साधा आहे. पिल्लाने रस्ता पाहावा, पण रस्त्यावर पाय ठेवू नये. त्याला कडेवर घेऊन दररोज दहा-पंधरा मिनिटे दाराशी, कोपऱ्यावरच्या दुकानाजवळ किंवा देवळाच्या बाहेर उभे राहावे. रिक्षाचा हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, शाळा सुटल्यावरचा गलका, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणाऱ्या आजी, बुरखा घातलेली स्त्री, छत्री उघडणारा माणूस, हे सारे त्याला मालकाच्या कुशीत सुरक्षित राहून अनुभवू द्यावे. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एखादा चविष्ट घास द्यावा. पिल्लू अंग आक्रसून घेत असेल, शेपूट पोटाखाली घालत असेल किंवा घास नाकारत असेल, तर ती गोष्ट फार जवळ आली आहे असे समजावे आणि चार पावले मागे सरावे. लसीकरण झालेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीच्या कुत्र्याशी घरातल्या घरात भेट घडवून आणणेही उपयुक्त असते. वर उल्लेख केलेल्या संघटनेनेही लसीकरण पूर्ण होण्यापूर्वीच, योग्य ती काळजी घेऊन, समाजीकरण सुरू करण्याची शिफारस केली आहे.

बक्षीस का, शिक्षा का नाही?

प्राण्यांच्या शिकण्याचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. सन १८९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की ज्या कृतीचा शेवट सुखद होतो ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून खुणेचा आणि अन्नाचा संबंध मनात कसा जोडला जातो, हे स्पष्ट केले. पिल्लाला द्यायचे सारे शिक्षण या दोन तत्त्वांत सामावलेले आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र दीर्घकाळ दंडाचाच मार्ग रूढ होता. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनी सन १९१० मध्ये लिहिलेल्या प्रशिक्षणविषयक पुस्तकाचा लष्करी आणि पोलीस श्वानपथकांवर मोठा प्रभाव पडला. त्यात बक्षिसाला स्थान होते, तसेच दोरीचे झटके आणि सक्ती यांनाही होते. तीच पद्धत पुढे घराघरांत आली.

आज या पद्धतीविषयी निश्चित स्वरूपाचे पुरावे उपलब्ध आहेत. पोर्तुगालमधील संशोधकांनी सन २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ पाळीव कुत्र्यांची पाहणी करण्यात आली. ओरडणे, झटके देणे अशा मार्गांनी शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे अधिक आढळली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावदर्शक संप्रेरकाचे प्रमाणही अधिक वाढलेले दिसले. शिक्षेची आणखी एक मर्यादा आहे. काय करू नये, एवढेच ती सांगते. काय करावे, हे सांगत नाही. फरशी ओली करणाऱ्या पिल्लाचे नाक त्यात घासल्याने ते बाहेर जाण्यास शिकत नाही; ते केवळ मालकासमोर लघवी करण्यास घाबरते आणि पलंगाखालची जागा शोधते.

एक शब्द, एक अर्थ

चामराजपेटेसारख्या भागात एकाच घरात दोन-तीन भाषा बोलल्या जाणे ही सामान्य गोष्ट आहे. मराठी कुटुंबातही मुले शाळेतून इंग्रजी आणि शेजारातून कन्नड घेऊन येतात. पिल्लाला यापैकी कोणतीही भाषा येत नाही. त्याला फक्त ध्वनी कळतात. आजोबा 'बस' म्हणतात, आई 'सिट' म्हणते आणि कामाला येणाऱ्या मावशी कन्नडमध्ये 'कूत्को' म्हणतात, तेव्हा पिल्लाच्या लेखी त्या तीन वेगळ्या आज्ञा असतात. त्यातच कन्नड 'बा' म्हणजे 'ये' आणि मराठी 'बस' यांची सुरुवात एकाच ध्वनीने होते, अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध. शिवाय 'बस' हा शब्द घरात 'पुरे' या अर्थाने आणि शहर वाहतुकीच्या गाडीसाठीही दिवसभर उच्चारला जातो.

म्हणून पिल्लू येण्यापूर्वीच घरातील सर्वांनी बसून चार-पाच शब्द ठरवावेत आणि ते कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावेत. भाषा कोणतीही असो. शब्द आखूड, एकमेकांपासून वेगळे आणि सर्वांचे एकच असावेत. एकदाच आणि शांत स्वरात उच्चारावेत. 'बस, बस, बस, अरे बस ना' असे चार वेळा म्हटल्यास पहिल्या तीन हाका ऐकण्याची गरज नाही, एवढेच पिल्लू शिकते.

चार आज्ञा

शिकवणीची वेळ तीन ते पाच मिनिटांची असावी आणि ती दिवसातून चार-पाच वेळा, जेवणाच्या आधी घ्यावी. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे पुरतात. तेवढा भाग रोजच्या आहारातून वजा करावा. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा हे पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात, हे मुलांना आवर्जून सांगावे.

'बस' शिकवताना घास पिल्लाच्या नाकासमोर धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाताच त्याचे ढुंगण आपोआप जमिनीला टेकते. त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून घास द्यावा. एका सेकंदाचा उशीरही महत्त्वाचा ठरतो, कारण तोवर पिल्लू उठलेले असते आणि बक्षीस उठण्याला मिळते. पाठीवर दाब देऊन बसवू नये. ही हालचाल दहापैकी आठ वेळा जमू लागली, की तिच्याआधी शब्द उच्चारण्यास सुरुवात करावी.

'ये' ही आज्ञा जीव वाचवणारी असल्याने तिचे मोल कधीही कमी होऊ देऊ नये. रागावण्यासाठी, औषध पाजण्यासाठी किंवा खेळ थांबवण्यासाठी या शब्दाने बोलावू नये. अशा वेळी स्वतः जाऊन पिल्लाला उचलावे. ते जवळ येत नसेल तर त्याचा पाठलाग करू नये. आपण उलट दिशेने पळालो, की पिल्लू मागे येतेच.

'थांब' शिकवताना काळ, अंतर आणि व्यत्यय या तीन गोष्टी एका वेळी एकच वाढवाव्यात. प्रथम एक सेकंद, मग तीन, मग दहा. त्यानंतर एक पाऊल मागे, मग दोन. शेवटी दार उघडे ठेवून. रस्त्याला लागून थेट दार असलेल्या घरांत उंबरठ्याशी 'थांब' पक्के होणे हे बाकी सर्व आज्ञांपेक्षा निकडीचे आहे.

'सोड' ही चौथी आज्ञा. रस्त्यावर पडलेले हाड, प्लास्टिकची पिशवी किंवा उंदराचे विष पिल्लाच्या तोंडात जाण्यास क्षणही पुरतो. घरात खेळणे तोंडात असताना त्याहून आवडता घास नाकाशी धरावा. तोंड उघडताच 'सोड' म्हणून घास द्यावा आणि खेळणेही परत करावे. सोडल्याने काहीच गमवावे लागत नाही, हा विश्वास बसला म्हणजे पिल्लू वस्तू गिळण्याची घाई करत नाही.

दोरीवरची चाल

गळपट्टा आणि दोरी यांची ओळख घरातच करून द्यावी. पहिले दोन-तीन दिवस हलका, सपाट पट्टा जेवणाच्या वेळी काही मिनिटे बांधावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत. नंतर दीड ते दोन मीटर लांबीची हलकी दोरी अडकवून ती नजरेसमोर फरफटू द्यावी. मग ती हातात धरून खोलीत, व्हरांड्यात आणि कठडा भक्कम असलेल्या गच्चीवर फिरावे. छाती आणि पाठ यांवर बसणारा हार्नेस लहान पिल्लांसाठी अधिक सुरक्षित असतो, कारण ओढाताणीचा भार गळ्यावर येत नाही. आवळणारी साखळी वापरू नये.

कुत्रा दोरी का ओढतो, याचे उत्तर थॉर्नडाइक यांच्या मांजरांपाशीच सापडते. ओढल्यावर मालक पुढे येतो आणि हवी ती जागा गाठता येते. म्हणजेच ओढण्याला बक्षीस मिळते. ही साखळी तोडण्यासाठी एकच नियम पुरतो : दोरी ताणली की पाऊल थांबले, दोरी सैल झाली की पाऊल पुढे पडले. झटका नाही, ओरडणे नाही. पिल्लू मागे वळून पाहते किंवा एक पाऊल मागे येते, त्या क्षणी कौतुक करावे आणि आपल्या पायाच्या शिवणीजवळ घास द्यावा. सुरुवातीला दहा मिनिटांत एक घरही ओलांडून होत नाही, हे गृहीत धरावे. कुटुंबातील एका व्यक्तीने हा नियम पाळला आणि दुसऱ्याने घाईत पिल्लाला ओढू दिले, तर ते ओढतच राहते. कधीतरी मिळणारे बक्षीस सवय अधिकच घट्ट करते.

लसीकरण पूर्ण झाल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रस्त्यावरची पहिली फेरी काढावी. ती पहाटे, वाहने सुरू होण्यापूर्वीची असावी. पिल्लाला वाहनांच्या विरुद्ध बाजूला ठेवावे आणि दोरी प्रौढ व्यक्तीच्या हातात असावी. मार्केटच्या दिशेचा रस्ता पहिल्या महिन्यात टाळणे श्रेयस्कर. रामनवमीच्या काळात चामराजपेटेतील फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर भरणारा, सन १९३९ पासूनची परंपरा असलेला संगीतोत्सव असो किंवा दिवाळीतील फटाके असोत, अशा गर्दीच्या आणि आवाजाच्या दिवसांत पिल्लाला घरातच शांत खोलीत ठेवावे. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता पिल्लाच्या पंजांसाठीही तापलेलाच असतो.

भटक्या कुत्र्यांशी गाठ पडणे अटळ आहे. त्यांची आपापली हद्द असते आणि नव्या पिल्लाला पाहून ती भुंकतात. अशा वेळी पळू नये, आरडाओरड करू नये आणि दोरी आवळू नये, कारण ताण दोरीतून पिल्लापर्यंत पोहोचतो. दुरूनच वळावे, रस्त्याची दुसरी बाजू धरावी, त्या कुत्र्यांच्या आणि पिल्लाच्या मध्ये आपण राहावे. ओळखीच्या वासाने आणि रोजच्या एकाच वेळेने हे शत्रुत्व बहुधा काही आठवड्यांत निवळते. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतल्यास वा ओरखडा काढल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

मुधोळचा धडा

देशी जातींना शिकवता येत नाही, असा एक समज आहे. कर्नाटकातीलच मुधोळ हाऊंड या जातीने तो खोटा ठरवला आहे. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते आणि या घराण्याने ही शिकारी जात जोपासली. महाराष्ट्रात ती कारवान म्हणून ओळखली जाते. सन २००५ मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले आणि २०१६ मध्ये या जातीची पिल्ले मेरठ येथील लष्कराच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. ही जात नजरेने शिकार करणारी आहे. धावणारी वस्तू दिसली की झेपावणे हा तिचा स्वभाव. अशा पिल्लाला मोकळ्या रस्त्यावर दोरीविना कधीही सोडू नये. मात्र 'माझ्याकडे पाहा' या सवयीला रोज बक्षीस दिल्यास तेही सैल दोरीवर चालू लागते. बीड पोलीस दलातील रॉकी या श्वानाने ३०० हून अधिक गुन्ह्यांच्या तपासात साहाय्य केल्याचा उल्लेख पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मधील 'मन की बात'मध्ये केला होता. अशा श्वानांच्या शिक्षणाचा पायाही बसणे, थांबणे आणि सोबत चालणे यांवरच उभा असतो.

मालकाचे उत्तरदायित्व

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार कुत्र्याला आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे आणि त्याला सोडून देणे हे गुन्हे आहेत. दुसरीकडे, आपल्या प्राण्यापासून इतरांच्या जिवाला असलेला धोका टाळण्यात निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार शिक्षा होऊ शकते. फिरवताना कुत्र्याने केलेली घाण उचलणे हीदेखील मालकाचीच जबाबदारी आहे. शेजाऱ्यांशी होणारे निम्मे वाद तेथेच मिटतात.

पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत त्याला सर्व काही यावे, अशी अपेक्षा कोणीही करू नये. दाराशी थांबणे, हाकेला येणे, तोंडातली वस्तू सोडणे आणि सैल दोरीवर एक गल्ली चालणे, एवढे जमले तरी पाया भक्कम झाला असे समजावे. सहा महिन्यांच्या सुमारास वयात येताना ते शिकलेले विसरल्यासारखे वागू लागते. अशा वेळी आवाज चढवण्याऐवजी पुन्हा घरातील पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्या वेळी तोच धडा पुष्कळ लवकर पूर्ण होतो.